कोंबडीचा चष्मा

कोंबडीसाठी चष्मा बनवणारा माणूस वेडा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. ही गोष्ट कुणाला सांगायला घेतली की ऐकणारा पहिल्याच वाक्याला हसतो आणि पुढचं ऐकायचं राहून जातं.

अमेरिकेत टेनेसी राज्यात म्युनिक नावाचं गाव. तिथल्या अँड्र्यू जॅक्सन ज्युनियर याला १९०३ च्या जूनमध्ये कोंबड्यांच्या ‘नेत्ररक्षका’चं पेटंट मिळालं. दोन लहान गोल काचा, त्यांना धातूची चौकट आणि डोक्यावर नीट बसावं म्हणून मागून पट्टी. इतर कोंबड्यांच्या टोचांपासून हिचे डोळे वाचावेत, एवढाच त्याचा हेतू होता. काचा साध्या, आरपार दिसणाऱ्या. म्हणजे हा चष्मा मार खाणारीसाठी होता. पुढे पस्तीसेक वर्षांत तोच चष्मा मार देणारीच्या नाकावर गेला. असं का झालं, त्याची ही हकीकत.

मी पशुवैद्यक. नोकरीतला बराच काळ सांगली जिल्ह्यातल्या लेअर पोल्ट्र्यांवर गेला. ‘डॉक्टर, पिकिंग लागलंय’ हा निरोप आला की पोटात गोळा यायचा. रोग असला तर औषध असतं, लस असते. पिकिंगला काय देणार? शेडमध्ये शिरल्यावर आधी काहीच वेगळं दिसत नाही, नेहमीचा गलका, नेहमीचा वास. मग एक कोंबडी दिसते, तिला शेपटीच नाही. मग दुसरी, पाठ उघडी पडलेली. एकीच्या ढुंगणाशी रक्ताचा ठिपका असतो आणि आजूबाजूच्या साऱ्या माना त्या ठिपक्याकडे वळलेल्या असतात. अंडं घालताना अंग जरासं बाहेर येतं, ते ओलं आणि लाल असतं. तिथे एकीने टोच मारली की तासाभरात आतडी बाहेर. जुनी मराठी पुस्तकं याला स्वजातिभक्षण म्हणतात. पोल्ट्रीवाला म्हणतो, ‘खातायत एकमेकींना.’

यात दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत माझ्या व्यवसायातली माणसंही करतात. एक आहे मानपानाची टोच. ती डोक्यावर, तुऱ्यावर बसते. एकदाच, जोरात, आणि जिला बसते ती बाजूला होते. दुसरी पिसांची टोच. ती पाठीवर, शेपटीच्या बुडाशी बसते. तिच्यात राग नसतो. मारणारी कोंबडी शांतपणे, जवळजवळ कामाला लागल्यासारखी, पीस उपटते आणि गिळते. पहिलीवर गोऱ्या लोकांनी तत्त्वज्ञान उभारलं, दुसरीवर धंदा.

पहिलीचा शोध एका पोराने लावला. थोरलेफ श्येल्डरूप-एब्बे, जन्म १८९४, गाव आजचं ऑस्लो. आईबाप दोघेही शिल्पकार. उन्हाळ्यात कुटुंब गावाबाहेर राहायला जायचं, तिथे या मुलाला कोंबड्यांचं वेड लागलं. कोण कुणाला मारते आणि कोण कुणापुढून सरकते, याची नोंद तो वहीत करायचा. १९१३ साली ‘नातुरेन’ या नॉर्वेजियन मासिकात त्याचा कोंबड्यांच्या आवाजावरचा लेख आला. १९२२ मध्ये एका जर्मन मानसशास्त्रीय नियतकालिकात त्याने पुढची गोष्ट मांडली: कळपातल्या प्रत्येक दोघींमध्ये वर कोण हे ठरलेलं असतं, आणि एकदा ठरलं की बहुतेक वेळा नुसत्या मानेच्या हालचालीवर भागतं. हा क्रम नेहमी शिडीसारखा सरळ नसतो, हेही त्याने टिपलं. कधी पहिली दुसरीला मारते, दुसरी तिसरीला आणि तिसरी फिरून पहिलीला.

मला यातला पुढचा भाग जास्त आवडतो, जरी तो कोंबड्यांचा नाही. विद्यापीठात त्याच्यावर प्राध्यापक क्रिस्टीन बॉनेव्ही यांची मर्जी होती. नॉर्वेतल्या त्या पहिल्या स्त्री प्राध्यापक. पुढे त्यांची टर उडवणारा एक मजकूर छापून आला आणि संशय या तरुणावर गेला. मी लिहिलाच नाही, असं तो अखेरपर्यंत म्हणत राहिला, असं त्याच्या मुलाने नंतर सांगितलं. नॉर्वेच्या विद्यापीठात त्याला कधीच जागा मिळाली नाही. कोंबड्यांचा मानपान शोधणाऱ्याला विद्वानांच्या खुराड्यात तळाशी बसावं लागलं.

पुढे शिकागोचे ऑली आणि कॅन्ससचे गूल यांनी १९४४ मध्ये हे काम आकड्यांत बसवलं. काही कळप त्यांनी तसेच राहू दिले, काहींमध्ये सतत जुनी कोंबडी काढून नवी घालत राहिले. ज्या कळपात कोंबड्यांची अदलाबदल नव्हती तिथे टोचाटोची कमी, खाणं जास्त, अंडी जास्त. थोडक्यात, ठरलेला क्रम हे भांडण मिटवण्याचं साधन आहे. ते मोडलं की भांडण परत सुरू.

माझ्या आत्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. संगमेश्वराकडे तिच्या परड्यात गावठी कोंबड्या असायच्या. बाजारातून नवी कोंबडी आणली की तिच्या पायाला सुतळी बांधून तिला दोन-चार दिवस अंगणात ठेवायची. जुन्या येऊन बघून जायच्या, एखादी टोच मारायच्या, ती सुतळीच्या लांबीइतकी मागे सरायची. मग एका रात्री, बाकीच्या पेंगुळल्या की तिला खुराड्यात सरकवायची. सकाळी थोडा धुडगूस. मी लहानपणी मध्ये पडायला गेलो की म्हणायची, ‘अरे, तू कशाला? त्यांचं त्यांना कळतं.’ पिसं उपटलेली कोंबडी मात्र तिच्या परड्यात मी पाहिल्याचं आठवत नाही. दिवसभर पातेरा उकरायचा, उकिरडा विस्कटायचा, वाळवी खायची, फणसाच्या बुडाशी धुळीत लोळायचं. चोचीला सवडच नव्हती.

अमेरिकेतली सवड विसाव्या शतकाच्या विशीत आली आणि ती एका जीवनसत्त्वाने आली. तोवर कोंबड्या वर्षभर छपराखाली ठेवता येत नसत, ऊन न मिळाल्याने पाय लुळे पडत. ड जीवनसत्त्वाचा उलगडा झाला, खाद्यात कॉड माशाचं तेल आलं आणि कोंबडी आत राहू लागली. १९२३ मध्ये डेलावेअरच्या सेसिल स्टील या शेतकरीणबाईंकडे पन्नास पिल्लांच्या मागणीवर चुकून पाचशे आली आणि त्यांनी ती वाढवून विकली. मांसाच्या कोंबड्यांचा धंदा तिथून धरतात. अंड्यांच्या बाबतीतही शेड लांबत गेल्या. अंगण गेलं. दाणा कुंडीत समोर येऊ लागला, दहा मिनिटांत पोट भरलं. उरलेल्या दिवसाचं काय करायचं? कोंबडीची जात दिवसात हजारो वेळा जमिनीत चोच मारणारी. जमीन नसेल तर शेजारणीची पाठ.

एवढी साधी गोष्ट शास्त्रात नीट मांडली जायला १९८६ साल उजाडलं. हॉलंडच्या हॅरी ब्लोकहाउस यांनी दाखवलं की पिसं उपटणं ही भांडणाची नव्हे, जमीन टोचण्याची वाट चुकलेली क्रिया आहे. पण मधल्या पन्नास वर्षांत धंद्याला थांबायला वेळ नव्हता. कोंबडी बिघडली आहे असं धरून प्रत्येकजण तिला दुरुस्त करायला बसला.

तिथे चष्मा परत आला. केंटकीतल्या न्यूपोर्ट गावची ‘नॅशनल बँड अँड टॅग’ ही कंपनी कोंबड्यांच्या पायातली वाळी आणि पंखावरचे बिल्ले बनवायची. तिने ‘अँटी-पिक्स’ नावाचे ॲल्युमिनियमचे चष्मे काढले. अशा चष्म्यांतली एक युक्ती फार सुबक होती. लाल सेल्युलॉइडच्या काचा बिजागरीवर झुलत्या ठेवायच्या. कोंबडीने दाणा टिपायला मान खाली घातली की काचा पुढे लोंबणार आणि तिला जमीन स्वच्छ दिसणार. मान वर केली की काचा डोळ्यांवर पडणार आणि सगळं जग लाल. शेजारणीच्या अंगावरचं रक्त त्या लालीत विरघळून जाणार. टोच रक्तावर जाते, तर रक्तच दिसू द्यायचं नाही. विचार चुकीचा नाही. आम्हीही शेडमध्ये लाल बल्ब लावायचो, तो याच हिशेबाने.

काही चष्मे नुसते नाकपुड्यांत चिमट्यासारखे बसत. काहींना नाकाच्या पडद्यातून आरपार पिन लागे. जाहिरातींत ही पिन ठळक नसायची.

धंदा किती मोठा होता? १६ जानेवारी १९५५ रोजी अमेरिकन टीव्हीवरच्या ‘व्हॉट्स माय लाइन?’ या कार्यक्रमात सॅम नॅडलर नावाचे गृहस्थ येऊन बसले. पाहुण्याचा व्यवसाय परीक्षकांनी प्रश्न विचारून ओळखायचा असा तो खेळ. नॅडलर ब्रुकलिनच्या ‘नॅशनल फार्म इक्विपमेंट’ कंपनीचे, कोंबड्यांचे चष्मे विकणारे. वर्षाला वीस ते तीस लाख जोड खपतात असा त्यांच्या कंपनीचा आकडा होता. विक्रेत्याचा आकडा आहे, मी त्यात थोडी घट धरतो. तरी लाखांत विक्री होती हे नक्की.

मग चष्म्याचं झालं काय? मजुरी. प्रत्येक कोंबडी धरायची, चष्मा बसवायचा, पडला की पुन्हा बसवायचा. शेडमध्ये शंभराच्या जागी दहा हजार पक्षी आले तेव्हा हे परवडेना. ब्रिटनने पुढे १९८२ च्या नियमांत नाकाचा पडदा भेदून नजर अडवणारी साधनं बेकायदा ठरवली, पण तोवर बाजार बऱ्यापैकी संपला होता. शेवटचा अवतार लेन्सचा. एका पोल्ट्रीत मोतीबिंदू झालेल्या कोंबड्या विलक्षण शांत वागतात, असं कुणाच्या तरी लक्षात आलं आणि त्यावरून कोंबडीच्या डोळ्यात बसवायची कॉन्टॅक्ट लेन्स निघाली. १९७५ मध्ये हार्वर्डच्या व्यवस्थापन शाळेने त्या कंपनीवर धडा लिहिला. विक्रीची किंमत कशी ठरवावी, हा त्याचा विषय. आजही जगभरची एमबीएची पोरं तो सोडवतात, आपल्याकडचीही. माझा पुतण्या पुण्यात शिकताना त्यावर रात्रभर जागला होता. ‘काका, खरंच असं काही होतं?’ म्हणून त्याने मला विचारलं. ऐंशीच्या दशकात तोच विचार दुसऱ्या कंपनीने पुन्हा बाजारात आणला. डोळे चिघळल्याच्या तक्रारी आल्या आणि तोही विरला.

टिकला तो सगळ्यात स्वस्त उपाय. डोळ्याला हात न लावता चोचच कापायची.

तिसाच्या दशकात ओहायोत चोचीचं टोक छाटण्याची पद्धत सुरू झाली, पण ते टोक परत वाढायचं. चाळिशीच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात सॅन दिएगोकडच्या पोल्ट्रीवाल्यांनी ते डागून पाहिलं, वाढ थांबली. तिथल्या ‘लायन इलेक्ट्रिक’ कंपनीने तापत्या पात्याचं यंत्र बनवलं. तेच यंत्र, थोड्याफार फरकाने, मी मिरज-तासगाव पट्ट्यात पाहिलं.

आपल्याकडे १९७१ मध्ये बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज काढली, लेगहॉर्नच्या वाणांवर अंड्यांचा धंदा उभा राहिला, पुढे पिंजरे आले. पिंजऱ्यांच्या आधीपासून आणि नंतरही डीबीकिंगची, म्हणजे चोची कापणाऱ्यांची, टोळी पोल्ट्रीवर येते. चार-पाच माणसं, दोन यंत्रं, बसायला पत्र्याचे डबे. आदल्या दिवसांत पाण्यातून के जीवनसत्त्व द्यायचं, म्हणजे रक्त गोठतं. पिल्लू आठ-दहा दिवसांचं असतं. डाव्या तळव्यात अंग, अंगठा डोक्यामागे, तर्जनी गळ्याखाली. ती तर्जनी हलकी दाबली की जीभ मागे जाते. ही दाबण्याची कळ ज्याला साधली तो खरा कारागीर. पायाने पट्टी दाबली की लालभडक पातं खाली येतं, दोन सेकंद टेकवायचं, की पिल्लू खोक्यात. जळक्या शिंगाचा वास शेडमध्ये दिवसभर राहतो. पुढचे काही दिवस कुंड्या काठोकाठ भरायच्या, म्हणजे कापलेली चोच तळाच्या पत्र्याला लागत नाही. वयाच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, तलंगा झाल्यावर, पुन्हा एकदा.

हात चांगले असलेली टोळी आणि वाईट असलेली टोळी यांतला फरक मी पाहिला आहे. वाईट टोळीच्या मागे वरची चोच गायब, खालची पळीसारखी पुढे आलेली, जीभ भाजलेली पिल्लं उरतात. त्यांना दाणा उचलता येत नाही. मालक म्हणतो, वजन का येत नाही डॉक्टर?

चोच म्हणजे नख, असं आम्हाला कॉलेजात सांगायचे. ते खोटं आहे हे इंग्लंडमध्ये १९६५ मध्येच छापलं गेलं होतं. रूथ हॅरिसन यांच्या ‘ॲनिमल मशीन्स’ या पुस्तकाने गदारोळ झाल्यावर सरकारने प्राध्यापक ब्रँबेल यांची समिती नेमली. तिने चोच कापणं बंद करावं अशी शिफारस केली आणि नखाशी केलेली तुलना फेटाळली. शिफारस कागदावर राहिली. १९८५ मध्ये एडिनबरोत ब्रूअर्ड आणि जेंटल यांनी कापलेल्या चोचींच्या नसा तपासल्या. तुटलेल्या टोकांशी मज्जातंतूंच्या गाठी झाल्या होत्या आणि त्या काहीही न लागता संदेश पाठवत होत्या. पाय कापलेल्या माणसाला नसलेला पाय दुखतो, त्या जातीचा हा प्रकार. हे वाचलं तेव्हा मी नोकरीत होतो. डीबीकिंग करू नका, असं मी कुणाला सांगितलं नाही, कारण न केलेल्या शेडचं काय होतं तेही माझ्या डोळ्यांसमोर होतं. टोळी चांगली बोलवा, एवढं सांगायचो.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठातलं विल्यम म्यूर यांचं काम. त्यांनी विचारलं, ही भांडखोर कोंबडी आली कुठून? उत्तर धंद्याला न आवडणारं होतं. वर्षानुवर्षं पैदाशीसाठी सर्वांत जास्त अंडी देणारी एकेक कोंबडी निवडली गेली. पण गर्दीत सर्वांत जास्त अंडी कोण देते? अनेकदा तीच, जी शेजारणींना कुंडीवरून हाकलते. म्हणजे अंड्यांबरोबर आपण दांडगाईही पिढ्यान्‌पिढ्या निवडत आलो. म्यूर यांनी एका पिंजऱ्यात बहिणी-बहिणी ठेवल्या, चोची कापल्या नाहीत आणि एका कोंबडीऐवजी अख्खा पिंजरा निवडला. ज्या पिंजऱ्याची एकत्र कामगिरी चांगली, त्यातल्या सगळ्यांची पुढची पिढी. १९९६ मध्ये त्यांनी निकाल छापला. आधी वर्षाची मरतूक ६८ टक्के होती. मोजक्या पिढ्यांत ती ९ टक्क्यांच्या खाली आली. चोची तशाच, टोकदार.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छापण्यात चूक झाली असेल असं वाटलं होतं.

निवृत्तीनंतर फोन येतात ते परसातल्या कोंबड्यांसाठी. शहराकडची माणसं बंगल्यामागे जाळी मारून गिरिराज, वनराज किंवा कावेरी पाळतात आणि महिनाभरात विचारतात, ‘डॉक्टर, एक कोंबडी बाकीच्यांना जगू देत नाही, काय करू?’ मी आधी विचारतो, टोच कुठे बसते, डोक्यावर की पाठीवर? डोक्यावर असेल तर दांडगट कोंबडीला आठवडाभर नजरेआड ठेवायला सांगतो, मार खाणारीला नव्हे. परत येईल तेव्हा ती नवी असते आणि तिचं स्थान गेलेलं असतं. नव्या कोंबड्या आणायच्या तर एकटी आणू नका, जोडीने आणा, आणि आठवडाभर मध्ये जाळी ठेवा. पाठीवर असेल तर प्रश्न वेगळे. जमिनीवर तुसाचा थर किती जाड आहे? दाणा कुंडीतच घालता की तुसात फेकता? मेथीची जुडी किंवा शेवग्याचा पाला मानेच्या उंचीवर टांगा, ओढून खाऊ दे. खाद्य घरी कालवत असाल तर मीठ आणि प्रथिनं नीट आहेत का बघा, कमी पडली की पिसांकडे मोर्चा वळतो. जखमेवर जेन्शन व्हायलेट लावा. त्या जांभळ्यात लाल दिसत नाही. त्या अमेरिकन चष्मेवाल्यांनीही रक्त लपवण्याचीच खटपट केली होती. बाटली स्वस्तात मिळते आणि नाकात पिन लागत नाही.

मोठ्या पोल्ट्रीला हे पुरत नाही. नॉर्वेने चोच कापायला १९७४ मध्ये बंदी घातली, स्वीडनने १९८८ मध्ये. ब्रिटनमध्ये २०११ पासून बंदी यायची होती. ती पुढे ढकलली गेली आणि तापत्या पात्याऐवजी हॅचरीतच अवरक्त किरणांनी टोक झिजवण्याची मुभा राहिली. याचं कारण बघण्यासारखं आहे. युरोपात २०१२ पासून साधे पिंजरे बंद झाले, कोंबड्या मोकळ्या झाल्या आणि एका दांडगट कोंबडीला पूर्वी पिंजऱ्यातल्या चार शेजारणी मिळायच्या तिथे आता चार हजार मिळू लागल्या. आपल्याकडेही पिंजरामुक्त अंड्यांची मागणी हॉटेलांकडून यायला लागली आहे. मला ती हवी आहे. पण पिंजरा काढून शेडमध्ये तोच वाण सोडला तर टोळी पुन्हा बोलवावीच लागेल.

गेल्या वर्षी एका ओळखीच्या पोल्ट्रीवाल्यासाठी पिल्लांची चौकशी करताना विक्रीप्रतिनिधीने वाणाचा चकचकीत तक्ता पुढे ठेवला. आठवड्याला किती अंडी, किती ग्रॅमचं अंडं, किती खाद्य, सगळं. मी विचारलं, चोच न कापता ठेवल्या तर वर्षाअखेर शंभरातल्या किती उरतात? त्याने तक्ता उलटून पाहिला, मागेही छापलेलं नव्हतं. ‘सर, हे अजून कुणी विचारलं नाही,’ म्हणाला, आणि कंपनीत विचारून कळवतो म्हणून माझा नंबर घेऊन गेला.